२१०० रुपयांचा भोपळा आणि मी जमवलेलं लग्न

आधीच सांगून ठेवते, यात कोणाचंच खरं नाव येणार नाही कारण मला अजून दर रविवारी त्याच मंडळीत जाऊन बसायचंय. मंडळी म्हणजे आमच्यात चर्चची माणसं, जुने लोक बायकोला मंडळी म्हणायचे ती नव्हे. तर क्वायरमधल्या आवाजांवरूनच नावं ठेवते (बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बेस), सोपं पडेल. मी आल्टो. माझी मैत्रीण सोप्रानो, मूळची नगरची (आता अहिल्यानगर, पण तिच्या आईला अजून सवय नाही), पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. टेनर म्हणजे आमच्या मंडळीतलं एक नंबरचं स्थळ, उंच, बँकेत नोकरी, चहासुद्धा बिनसाखरेचा. आणि बेस. बेस वसईचा, कॅथलिक, खराडीला आयटीत, आमच्या कीबोर्डवाल्याचा रूममेट. तो शनिवारी संध्याकाळीच मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाऊन यायचा, त्यांच्यात तो रविवारचाच धरतात, म्हणजे रविवारी सकाळी मोकळा, म्हणून कीबोर्डवाल्याने त्याला आमच्याकडे ओढून आणला कारण खालच्या पट्टीत गायला आमच्याकडे दोनच आजोबा होते आणि त्यातले एक उपदेश सुरू व्हायच्या आधीच झोपायचे.

हे सगळं सुरू झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. सोप्रानोची आई पुण्याला आली होती, मी त्यांना काकू म्हणते, त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि मेथी निवडता निवडता म्हणाल्या, बाई गं, तिशी झाली हिची, नगरहून मी किती चिठ्ठ्या पाठवू, तुम्ही मैत्रिणी मैत्रिणी बघा ना तुमच्यातलंच कोणी, फक्त चांगल्या घरचा पायजे, आणि आपल्यातला. आपल्यातला म्हणजे काय हे नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला विचारायची सोय नाही. १९७० साली नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण काकूंच्या डोक्यात अमेरिकन मिशन वेगळं, एसपीजी (इंग्रजांचं अँग्लिकन मिशन) वेगळं, आणि मुक्तिफौज तर त्यात आलीच नाही, ती फारच वेगळी. त्यांच्या घराण्यात अमेरिकन मिशन, आणि ते नगरला १८३१ पासून आहे हे त्या अशा सांगतात जणू उद्घाटनाला स्वतः हजर होत्या.

मी लगेच हो म्हटलं. मला तोपर्यंत एक लग्न जमवल्याचा अनुभव होता (चुलतभाऊ, पण त्याचं तसंही जमलंच होतं, मी फक्त नंबर दिला), आणि त्या जोरावर मी स्वतःला उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायातला अब्राहामाचा सेवक समजत होते, तो जो दहा उंट घेऊन इसहाकासाठी मुलगी बघायला निघतो. माझ्याकडे उंट नव्हते, एक ॲक्टिव्हा होती.

टेनरच्या नावावर मी त्याच दिवशी शिक्कामोर्तब केलं. सोप्रानोला काही बोलले नाही, तिला कळलं तर ती लाजेल आणि सगळा लोचा होईल असं मला वाटलं. पण एकटीने होणारं काम नव्हतं, मुलांकडून आतली खबर द्यायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी बेसला हाताशी धरलं. तो शांत होता, विश्वासू वाटत होता, आणि कॅथलिक असल्यामुळे त्याचा यात काही संबंधच नव्हता. चर्चच्या मागच्या पिंपळाखाली उभं राहून मी त्याला अख्खा प्लॅन सांगितला. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि विचारलं, म्हणजे मला नक्की काय काय करावं लागेल? मी म्हटलं, तू फक्त आसपास राहा. तो म्हणाला, हां, ते जमेल. ते वाक्य आता आठवलं की मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

पहिली संधी हार्वेस्ट फेस्टिव्हलची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला एका रविवारी लोक शेतातलं, परसातलं, घरी केलेलं काहीतरी चर्चमध्ये आणून वेदीपुढे ठेवतात, ज्वारीची कणसं, अंडी, लिंबं, केक, कधी पाय बांधलेला कोंबडा, आणि उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव. पैसे मंडळीच्या कामाला. तिथे भाव असा काही नसतो, देणगीच असते ती, पाच लिंबं पाचशेला जातात आणि घेणारा छाती काढून घरी जातो. सोप्रानोच्या मामांनी राहुरीच्या शेतातला लाल भोपळा पाठवला होता, चांगला सात-आठ किलोचा, काकू स्वतः एसटीत मांडीवर घेऊन आलेल्या. मी टेनरच्या कानात सांगितलं, हा सोप्रानोच्या घरचा आहे, बोली लाव, काकू बघतायत. टेनर भला माणूस, त्याने शंभरपासून सुरुवात केली, तीनशेपर्यंत गेला आणि मग थांबून मला म्हणाला की मंडईत चाळीस रुपये किलोने मिळतो. बँकेतला माणूस. तेवढ्यात मागून आवाज आला, पाचशे. बेस! आमच्या खजिनदार काकांना दरवर्षी भोपळा लागतो, ते सातशे म्हणाले, हा हजार, ते बाराशे, हा पंधराशे, लोक माना वळवून बघायला लागले, आणि शेवटी एकवीसशेला एक वार दोन वार तीन वार होऊन भोपळा बेसच्या ताब्यात. मी त्याला बाजूला घेऊन जाम झापलं. अरे तुला काय करायचाय भोपळा, तू रूमवर मॅगी खातोस, सगळा प्लॅन बिघडवलास. तो म्हणाला सॉरी, चर्चच्या कामाला मदत म्हणून घेतला, दिवाळीला घरी जाईन तेव्हा आईला देईन. आणि खरंच तो भोपळा बॅगेत घालून वसईला घेऊन गेला. मी मनात म्हटलं, किती भाबडा मुलगा आहे हा, याचंही कुठेतरी जमवून द्यायला पाहिजे.

मग डिसेंबर, कॅरल राउंड. एक टेम्पो, त्यात पेटी, ढोलकी, गिटार, एक सांताक्लॉज ज्याची दाढी दरवर्षी थोडी थोडी कमी होत चाललीय, आणि रात्री नऊपासून दीड-दोनपर्यंत घरोघर. दोन इंग्लिश कॅरल, एक रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन, प्रार्थना, मग चहा, करंजी आणि चिवडा. सातव्या घरापर्यंत करंजी बघून पोटात गोळा येतो पण नाही म्हणता येत नाही, आजीबाई वाट बघत जाग्या राहिलेल्या असतात. अब्राहामाच्या सेवकाने विहिरीवर देवाकडे खूण मागितली होती, जी मुलगी मला पाणी देईल आणि माझ्या उंटांनाही पाजीन म्हणेल तीच. मीपण टेम्पोत बसून डोळे मिटून खूण मागितली. प्रभू, पेटी सोप्रानो वाजवते, आणि ती जड आहे. जो मुलगा न सांगता तिची पेटी उचलून जिना चढेल तोच तिच्यासाठी नेमलेला.

पहिलंच घर रास्ता पेठेतलं, जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, लिफ्ट बंद, चौथा मजला. टेनर फोनवर बोलत होता. बेसने पेटी खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली घेतली आणि दोन-दोन पायऱ्या सोडत वर गेला. मी तिथेच जिन्यात उभं राहून मनात म्हटलं, नाही प्रभू, हा मोजायचा नाही, हा कॅथलिक आहे, हा मदतीला आणलाय. पुन्हा बघू. दुसऱ्या घरी पुन्हा बेस. तिसऱ्या घरी मी सरळ बेसला सांगितलं तू खाली टेम्पोपाशी थांब, सामानाकडे लक्ष दे, आणि टेनरच्या हातात पेटी दिली. टेनरने ती उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर म्हणाला की त्याच्या पाठीत एल-फोर एल-फाइव्हचा जरा प्रॉब्लेम आहे. ती पेटी मग मी उचलली.

त्याच रात्री गुरुवार पेठेतून जाताना बेसने विचारलं, हे पंचहौद पंचहौद म्हणतात ते हेच का. मी म्हटलं हो बाबा, हेच, १८९० साली इथल्या मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मोठी मोठी माणसं चहा प्याली म्हणून पुण्यात केवढा गदारोळ झाला होता, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. बेस जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, एका चहावरून एवढं, मग मिशनवाल्यांशी लग्न केलं तर काय करतील? सोप्रानो यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. मला तेव्हाही काही कळलं नाही, रात्रीचा एक वाजला होता आणि माझ्या पोटात अकरा करंज्या होत्या.

आता माझा मास्टरप्लॅन. १४ फेब्रुवारी २०२४. मी कॅम्पातल्या एका हॉटेलात चौघांचं टेबल बुक केलं, कारण हे चौघांचं नेहमीचं जेवण वाटलं पाहिजे, आणि ऐनवेळी बेसला काम निघणार, मला डोकेदुखी होणार, आम्ही दोघं कटणार, उरणार कोण? बिर्याणीची हंडी आधीच सांगून ठेवलेली, चिकन, चार माणसांची. मी फक्त एक गोष्ट बघितली नव्हती, कॅलेंडर. त्या वर्षी व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच दिवशी आले होते. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू, आणि कॅथलिक लोकांचा कडक उपास, दिवसातून एकच पूर्ण जेवण, मटण-चिकन बंद. (आमच्यातही लेंट पाळतात, पण आमच्या घरी त्याचा अर्थ आई टीव्हीवरच्या मालिका सोडते इतकाच.) बेस आला तो कपाळावर राखेचा क्रूस घेऊन. वेटर त्याच्याकडे बघतोय, शेजारच्या टेबलवरचं हार्टचे फुगे घेतलेलं जोडपं बघतंय. माती आहेस आणि मातीला मिळशील असं ज्याच्या कपाळावर नुकतंच लावलंय त्याच्यासमोर मी लाल मेणबत्ती पेटवून घेतली होती.

हंडी आली. बेस म्हणाला मी दालखिचडी घेतो. आणि सोप्रानो, जी नगरची आहे, जिला आठवड्यातून तीनदा मटण लागतं, ती म्हणाली मीपण खिचडीच घेईन, आज जरा पोट बरोबर नाही. मी तिच्यासाठी जिरागोळी मागवली! टेनरने ती हंडी जवळजवळ एकट्याने संपवली, एकदाही वर न बघता. मग ठरल्याप्रमाणे मी डोकं दुखतंय म्हणाले आणि बेसला डोळ्याने खुणावलं की ऊठ. तो उठेचना. टेनर म्हणाला चल मी सोडतो तुला, माझ्या वाटेवरच आहे. आणि मला, जिने हा सगळा घाट घातला तिला, टेनरने त्याच्या मारुतीतून घरी सोडलं, वाटेत ढेकर देत देत म्हणाला बिर्याणी भारी होती, पुढच्या वेळी कधी?

अजून एक गोष्ट होती जी बघूनही मी बघितली नाही. कॅथलिक लोक प्रभूची प्रार्थना म्हणताना "वाइटापासून सोडव" इथे थांबतात, आम्ही पुढची ओळ म्हणतो, "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव" वाली. बेस सुरुवातीला आमच्या प्रॅक्टिसमध्ये एक ओळ आधी आमेन करून मोकळा व्हायचा आणि सगळे हसायचे. जानेवारीत कधीतरी तो शेवटपर्यंत म्हणायला लागला, ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पण त्याच सुमाराला सोप्रानो त्या ओळीच्या आधी एक सेकंद थांबून त्याच्याकडे बघायची, तो सुरू झाला की मग ती. मला वाटायचं श्वास घेतेय. सोप्रानो आहे, श्वास लागतो.

ईस्टर त्या वर्षी ३१ मार्चला होता. पहाटे पाचची सूर्योदयाची उपासना, आवारात खुर्च्या, थंडी नव्हतीच, मच्छर होते. उपासना झाल्यावर चहा-उपम्याच्या रांगेत मी सोप्रानोला बाजूला घेतलं, म्हटलं आता स्पष्टच विचारते, टेनर कसा वाटतो तुला. ती म्हणाली चांगला आहे की, पण तो मे महिन्यात साखरपुडा करतोय ना कोल्हापूरच्या मुलीशी. माझ्या हातातला चहा. मग ती म्हणाली, ऐक, रागावू नकोस, आम्ही ऑगस्टपासून. मी म्हटलं कोण आम्ही. तिने मान वळवली, आणि तिथे बेस उभा होता, दोन उपम्याच्या प्लेटी घेऊन, एकीत शेंगदाणे वेगळे काढून ठेवलेले कारण तिला शेंगदाणे आवडत नाहीत.

ऑगस्टपासून! म्हणजे काकूंनी मेथी निवडायच्याही आधीपासून. मी चिडले, खूप चिडले, मग विचारलं मला का नाही सांगितलं. तर त्यांचं असं की, काकू रोज फोनवर विचारायच्या काही बघितलंस का, आणि सोप्रानो म्हणायची हो आई, आल्टो बघतेय ना, आणि काकू शांत. माझ्यामुळे त्यांना सात महिने नगरहून एकही स्थळ आलं नाही. शिवाय मी दर पंधरा दिवसांनी त्यांच्या भेटीची सोय करत होते, वर बिल भरत होते. मी टेनरकडे गेले, तुला माहीत होतं? तो म्हणाला हो, कॅरलच्या पहिल्या रात्रीपासून, बेसनेच सांगितलं. मग बोलला का नाहीस? म्हणाला, तू जेवायला घालत होतीस, मी कशाला बोलू. कीबोर्डवाल्याला माहीत होतं, तो तर रूममेटच. पाळकीणबाईंना, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोला, माहीत होतं. चर्चच्या वॉचमनमामांना माहीत होतं, ते म्हणाले ताई तुमालाच म्हाईत नव्हतं व्हय.

दोन दिवस मी कोणाचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सोप्रानो घरी आली, बाकरवडी घेऊन, आणि म्हणाली, आता खरं काम आहे, आईला तूच सांग.

खरं काम ते हेच होतं, आधीचे सात महिने नुसता टाइमपास होता. मी नगरला गेले. काकूंनी ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, वसईचे म्हणजे मरीयेला मानणारे? मी म्हटलं मरीया आपलीपण आहेच की काकू, येशूची आई. तसं नव्हं गं. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, त्यो टेनर एसपीजीचा असला तरी मी चालवून घेतला असता. काकांनी पेपरमागून एवढंच विचारलं, हा तोच का भोपळ्यावाला? पोराला पैशाची किंमत नाही पण दानत आहे.

आमच्या पाळकसाहेबांनी मात्र पाच मिनिटांत गाठ सोडवली, निदान आमच्या बाजूची. म्हणाले बाप्तिस्मा झालाय ना त्याचा, मग आपलाच आहे. त्यांच्याकडून काय काय लागेल ते तिकडच्या फादरांना विचारा. तर मे महिन्याच्या एका शनिवारी आम्ही निघालो, काकू, काका, सोप्रानो आणि मध्यस्थ म्हणून मी. सकाळची डेक्कन क्वीन, दादरला उतरून विरार लोकल, नालासोपारा, तिथून रिक्षा करून निर्मळच्या बाजूला. काकूंना वाटलेलं वसई म्हणजे मुंबई, बिल्डिंगा. तर वाडी, विहीर, केळी, अबोली, दारात क्रूस आणि क्रूसाला झेंडूची माळ. काकू चालता चालता थांबल्या आणि एका केळीच्या बुंध्याला हात लावून म्हणाल्या, पाणी चांगलं दिसतंय. शेतकऱ्याची लेक, तिथे निम्मं काम झालं.

बेसचे आईवडील आपापसात कादोडी बोलत होते, मराठीच ती पण मला तीनातला एक शब्द कळत होता, आणि आमच्याशी अगदी शुद्ध बोलत होते, काकूंच्या नगरी बोलीपुढे तर ते सदाशिव पेठेतले वाटत होते. चहाबरोबर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आली. बेसचे बाबा निवृत्त शिक्षक, इतिहासाचे, ते हळूच म्हणाले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा आमच्या चर्चच्या घंटा तुम्ही पुण्याकडे नेल्यात, एक मेणवलीला आहे, एक भीमाशंकरला, आता पोरगा नेताय. काका म्हणाले, आम्ही नगरचे, आमचा त्यात हात नाही. आणि दोघं जे हसायला लागले ते पुढे दिवसभर एकमेकांच्या शेजारी बसून राहिले.

जेवायच्या आधी प्रार्थना. सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, "सोडव" पाशी अख्खं घर थांबलं आणि आम्ही पुणे-नगरवाले चौघं "कारण की राज्य" म्हणत मोठ्या आवाजात पुढे निघालो. आणि पाचवा बेस. त्याच्या आईने एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं. मी म्हटलं संपलं. पण त्या काही बोलल्या नाहीत, वाढताना म्हणाल्या, मला दिवाळीतच कळलं होतं. कसं, विचारलं तर म्हणे, हा पोरगा बाजारातून कधी कोथिंबीर आणत नाही, तो पुण्याहून भोपळा घेऊन आला, बसमध्ये मांडीवर धरून, आणि किती रुपयांना घेतला विचारलं तर सांगेना. शेवटी त्याच्या भावाने वदवून घेतलं, एकवीसशे. एकवीसशेचा भोपळा कोणी भाजीसाठी घेतो का? त्यांनी त्या भोपळ्याच्या बिया धुऊन वाळवून ठेवल्या होत्या, डबा आणून काकूंना दाखवला. राहुरीच्या मामांच्या शेतातल्या बिया. काकूंनी डब्यात हात घालून चार बिया तळव्यावर घेतल्या आणि बोटाने उलट्यासुलट्या करत बसल्या, आणि मग त्या दोघी पावसाआधी खड्डा किती खोल घ्यायचा यावर बोलायला लागल्या आणि लग्नाचा विषय मागेच पडला.

भांडण झालंच नाही असं नाही. वाइनवरून झालं. आमच्या नगरच्या नातेवाइकांत लग्नात दारू म्हणजे पाप (पिणारे पार्किंगमध्ये पितात), त्यांच्यात टोस्टशिवाय लग्न नाही. बेसचे बाबा म्हणाले, काना गावच्या लग्नात प्रभूने सहा रांजण पाण्याचं सरबत केलं नव्हतं. काकूंकडे याला उत्तर नव्हतं, बायबलमध्येच आहे म्हटल्यावर काय करणार. शेवटी नगरच्या टेबलांवर कोकम सरबत ठेवायचं ठरलं, रंग साधारण सारखाच, फोटोत कळत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण कोणाला उपयोग होईल. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं लग्न असेल तर त्यांच्या बिशपांची परवानगी लागते, फादरांमार्फत अर्ज. मुलीला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, आमचा चालतो, फक्त दाखला लागतो. कॅथलिक पार्टीने मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा जमेल तेवढा प्रयत्न करीन असं वचन द्यायचं असतं, आणि ते दुसऱ्या पार्टीला सांगितलेलं असावं लागतं. यावर काकू जरा हलल्या होत्या, सोप्रानो म्हणाली आई मुलं व्हायचीत अजून, आधी हॉल बघ. लग्नाआधीचं शिबिर दोघांनी केलं. आणि एकदा तिकडे एकदा इकडे असं दोनदा लग्न लावता येत नाही, एकच लागतं, पण आमचे पाळकसाहेब तिथे येऊन बायबलमधला उतारा वाचू शकतात, प्रार्थना करू शकतात. ते म्हणाले येतो, गाडीत खिडकीची जागा द्या.

आमच्याकडेपण बॅन्स वाचले, तीन रविवार. अमुक आणि तमुक यांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास, आणि मग ती शांतता. तिसऱ्या रविवारी नेमका त्या शांततेत मला खोकला आला. खरा खोकला, धूळ होती. अख्खी मंडळी वळून बघतेय, टेनर मागून कुजबुजतोय, अजून नाही पटलं का तुला?

लग्न जानेवारी २०२५ मध्ये लागलं, त्यांच्या चर्चमध्ये, संध्याकाळी. आम्ही क्वायरवाले पुण्याहून बस करून गेलो, पेटीसुद्धा नेली, उपासना संगीतातलं (आमचं गाण्यांचं पुस्तक) एक आणि त्यांचं एक असं मिळून गायलो. बेस स्वतः वर उभा असल्यामुळे खालच्या पट्टीला परत ते दोन आजोबाच, पण त्या दिवशी दोघंही जागे होते. पाळकसाहेबांनी कोणता उतारा वाचावा, तर उत्पत्ती चोवीस. उंटांना पाणी पाजायच्या ओळीला त्यांनी चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं. त्या प्रार्थनेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त पाळकीणबाईंना, आणि फक्त एकदा.

निघताना बेसच्या आईने बसमध्ये माझ्या मांडीवर एक भोपळा आणून ठेवला. त्यांच्या वाडीतला, राहुरीच्या बियांचा, सहा किलो तरी असेल. देठाला लाल रिबीन बांधली होती. घाट चढेपर्यंत माझे पाय सुन्न झाले, तेव्हा टेनर म्हणाला दे इकडे थोडा वेळ, मी म्हटलं तुझी एल-फोर एल-फाइव्ह सांभाळ. घरी आईने त्याचे घारगे केले, चार दिवस पुरले. बिया मी ठेवल्यात, खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातल्यात.